हॅझोपच्या टेबलावर मामांची खुर्ची कुठे आहे?

७ जून २०२१. मुळशी तालुक्यातल्या उरवडे गावाजवळ एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्याला दुपारी आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी क्लोरीन डायऑक्साईडची उत्पादने तिथे तयार होत होती. सतरा कामगार गेले, त्यात बहुतांश स्त्रिया होत्या. आम्ही त्या रात्री काय केले? मोबाइलवर काळा डीपी ठेवला, ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहिले आणि झोपलो.

८ डिसेंबर २०२३. या वेळी आग आमच्याच पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, तळवड्यात लागली. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणारे ते युनिट. सहा जणी त्याच दिवशी गेल्या आणि पुढच्या दिवसांत रुग्णालयातून येणारा आकडा वाढत गेला. या वेळी आम्ही थोडे पुढे गेलो. चौकात मेणबत्त्या लावल्या, निवेदन दिले, मालकाला अटक करा म्हणालो, भरपाईची मागणी केली. मेणबत्ती बनवताना जळालेल्या बायांसाठी आम्ही मेणबत्त्या लावत होतो, ही गोष्ट घरी परतताना आमच्यातल्या एकाच्या लक्षात आली. त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

निवेदन चुकीचे नव्हते. अटक झालीच पाहिजे, भरपाई मिळालीच पाहिजे. पण या सगळ्या मागण्या माणूस मेल्यानंतरच्या आहेत. माणूस मरण्याआधीची आमची मागणी कोणती? कारखान्याचा नकाशा कागदावर असतो, पाइप कुठून कुठे जाणार हे ठरत असते, तेव्हा त्या टेबलाभोवती कोण बसलेले असते? हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारायला हवा असे आम्हाला वाटते. का वाटते, ते आमच्याच अनुभवातून सांगतो.

आम्ही म्हणजे पिंपरीच्या एका वस्तीतले चौघे. एक केमिकल डिप्लोमावाला, एक आयटीआय फिटर, एक वकिलीचा विद्यार्थी आणि एक ठेकेदाराकडे पॅकिंग करणारा. चौघांचेही आईबाप मराठवाड्यातून बहात्तरच्या दुष्काळानंतर किंवा त्याही नंतर इथे आले. आमच्या पट्ट्याला कुणी केमिकल पट्टा म्हणत नाही. केमिकल म्हटले की लोकांना तारापूर, डोंबिवली, लोटे, कुरकुंभ आठवते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली खरी, पण पुढे नाव झाले ते गाड्यांचे. भोसरी, तळवडे, चाकण म्हणजे ऑटोमोबाइल.

आता गाडीचा एक साधा नट हातात घ्या. तो चकाकतो, कारण त्याच्यावर प्लेटिंग झालेले असते. त्याआधी तो ॲसिडमध्ये बुडवलेला असतो. दरवाजाचा पत्रा फॉस्फेटिंगच्या टाकीतून जातो, मग पेंट शॉपमध्ये. गिअर हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतून निघून तेलात बुडतो. क्रोमिक ॲसिड, सायनाइड, हायड्रोक्लोरिक, थिनर हे सगळे आमच्या पट्ट्यात रोज हाताळले जाते. कंपनीच्या चकचकीत शोरूमपासून चार पायऱ्या खाली उतरलात की पत्र्याच्या शेडमध्ये केमिकल प्लँटच भेटतो. फक्त त्याला कुणी केमिकल प्लँट म्हणत नाही, म्हणून त्याच्याकडे तशा नजरेने कुणी पाहतही नाही.

अशाच एका शेडमध्ये आमचे मामा ठेक्यावर होते. काम प्लेटिंगचे नव्हते, ते ‘स्किल्ड’ लोकांचे. मामांचे काम टाक्या धुण्याचे, गाळ काढण्याचे आणि वापरून झालेले ॲसिड सांडपाण्याच्या खड्ड्यात ओतण्याचे. त्या शेडमागे दोन खड्डे होते. एकात ॲसिडचे पाणी, दुसऱ्यात सायनाइडचे. दोन्ही खड्डे शेजारी शेजारी, झाकणे सारखी, ड्रमही सारखेच निळे. पाट्या कधीतरी लावल्या होत्या, त्या पावसात धुऊन गेल्या. एका शनिवारी शिफ्ट संपताना मामांना कुणीतरी ओरडून सांगितले, ‘तो ड्रम त्या खड्ड्यात ओत.’ मामांनी ओतला.

सायनाइडच्या पाण्यात ॲसिड पडले की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण तो वास सगळ्यांना येत नाही. मामांना आला नाही. डोके गरगरले, ते दाराकडे धावले आणि उंबऱ्याबाहेर पडले. बाहेर पडले म्हणून वाचले. आत पडले असते तर हा लेख वेगळा झाला असता. दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा कागदावर कारण लिहिले गेले होते : कामगाराचा निष्काळजीपणा. पुढच्या महिन्यापासून ठेका बंद.

आम्हीही तेव्हा मामांनाच बोललो होतो. ‘मामा, नीट बघून ओतायचं ना!’ मामा म्हणाले, ‘काय बघायचं होतं रे, सांग की.’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते काही वर्षांनी. आमच्यातला डिप्लोमावाला चाकणकडच्या एका कंपनीत लागला आणि त्याला हॅझोपच्या बैठकीत टिपणे घ्यायला बसवले. हॅझोप म्हणजे धोके आणि कामातले अडथळे शोधण्याचा पद्धतशीर अभ्यास. इंग्लंडच्या आयसीआय या रसायन कंपनीत १९६० च्या दशकात तो घडला. पद्धत ऐकली तर साधी वाटेल. प्लँटच्या पाइपांचा, व्हॉल्व्हचा, टाक्यांचा नकाशा भिंतीवर लावतात. त्याचे छोटे छोटे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचे मूळ काम काय ते लिहितात. मग त्या कामाला ठरलेले शब्द लावून प्रश्न विचारतात. नाही : प्रवाह आलाच नाही तर? जास्त : दाब, तापमान जास्त झाले तर? कमी : कमी झाले तर? उलट : प्रवाह उलटा फिरला तर? सोबत आणखी काही : त्यात दुसरे काही मिसळले तर? भलतेच : ठरवलेले सोडून दुसरेच आले तर? प्रत्येक प्रश्नाला कारण काय, परिणाम काय, आज तिथे कोणता बचाव आहे, तो पुरेसा आहे का, हे लिहायचे. पुरेसा नसेल तर काय बदलायचे आणि कुणी बदलायचे, तेही लिहायचे.

या पद्धतीचा आम्हाला सर्वात आवडलेला भाग असा की ती माणसाला दोष देऊन थांबत नाही. ‘माणूस चुकेल’ हे ती गृहीत धरते आणि विचारते, माणूस चुकला तरी कुणी मरू नये यासाठी तुम्ही काय केले?

आता मामांचा ड्रम या पद्धतीत घालून बघा. शब्द घ्या ‘सोबत आणखी काही’. सायनाइडच्या खड्ड्यात ॲसिड येऊ शकते का? येऊ शकते. कारण? खड्डे शेजारी, ड्रम सारखे, पाट्या नाहीत, काम तोंडी सांगितले जाते, शिफ्टची घाई. परिणाम? विषारी वायू, मृत्यू. आजचा बचाव? काहीच नाही. शिफारस? दोन खड्डे लांब ठेवा. ओतायचे ड्रम बंद करून पाइप द्या आणि दोन पाइपांची तोंडे अशी ठेवा की एकाचे दुसऱ्याला बसणारच नाही. वायू ओळखणारे यंत्र लावा. आणि सगळ्यात चांगले म्हणजे सायनाइडच काढून टाका, कारण जस्ताचे प्लेटिंग सायनाइडशिवायही होते आणि जगभर केले जाते.

बघा, मामांनी नीट बघण्याचा प्रश्न कुठे आला? मामा अपघाताच्या साखळीतली शेवटची कडी होते. आधीच्या सगळ्या कड्या ऑफिसात बसून तयार झाल्या होत्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आमचा मित्र बसलेल्या त्या बैठकीत नेमकी अशीच एक जागा आली. ॲसिड सोडण्याची लाइन, शेजारी दुसरी लाइन. सल्लागारांनी शब्द वाचला, ‘सोबत आणखी काही’. कुणीतरी म्हणाले, ‘एसओपी आहे, ऑपरेटर ट्रेन्ड आहे.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मित्राने लिहून घेतले : बचाव पुरेसा. पुढचा मुद्दा. टेबलाभोवती डिझाइनचे, प्रोसेसचे, मेंटेनन्सचे साहेब होते. तो व्हॉल्व्ह रोज हाताने फिरवणारा ठेका कामगार नव्हता. आमचा मित्र होता. त्याला मामांचा ड्रम आठवला आणि तो गप्प बसला.

का गप्प बसला, हे त्याने आम्हाला विहाराच्या पायरीवर रात्री अकरा वाजता सांगितले. तो ट्रेनी होता हे एक. पण तेवढेच नव्हते. ‘तुला कसं माहीत?’ असे कुणी विचारले असते तर ‘माझे मामा गाळ काढायचे’ असे सांगावे लागले असते. रुजू झाल्यापासून त्याचे आडनाव ऐकून दोघांनी ‘कोणत्या कोट्यातून?’ असे हसत विचारले होते. खासगी कंपनीत आरक्षण नाही हे त्या हसणाऱ्यांनाही माहीत होते. तो म्हणाला, ‘मला त्या टेबलावर इंजिनिअर दिसायचं होतं, मामांचा भाचा नाही.’

साथींनो, आम्ही त्याला दोष देत नाही. आपल्यातले शिकलेले किती जण अशा टेबलांवर गप्प बसतात ते मोजा. आपल्या लोकांनी उपाशी राहून जे ज्ञान आपल्याला दिले, तेच ज्ञान आपण टेबलावर पोचताच लपवतो. आणि ते ज्ञान नसल्यामुळे तो तक्ता खोटा भरला जातो. जात माणसाचा अपमान करते हे आपल्याला माहीत आहे. जात माहिती अडवते आणि अडलेली माहिती माणसे मारते, हे आपण अजून नीट मांडलेले नाही.

सुरक्षाशास्त्रात नियंत्रणाची एक उतरंड असते. सर्वात वर : धोकाच काढून टाका. त्याखाली : धोकादायक वस्तूऐवजी कमी धोक्याची वापरा. त्याखाली : यंत्राने, भिंतीने, व्हेंटिलेशनने, आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हने धोका अडवा. त्याखाली : नियम, प्रशिक्षण, पाट्या. आणि सर्वात खाली, सगळ्यात दुबळे : मास्क, हातमोजे, बूट. म्हणजे जो उपाय माणसाच्या सावधपणावर जितका कमी अवलंबून, तितका तो वरचा.

आपल्याला दुसरी उतरंडही माहीत आहे. बाबासाहेबांनी ती उलगडून दाखवली. जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वरखाली रचली. या दोन उतरंडी शेजारी ठेवा. कारखान्यात जो जितका खालच्या पायरीवर, त्याला तितक्या खालच्या दर्जाचा बचाव मिळतो. कंट्रोल रूममधल्या माणसाला भिंत आणि एसी, कायम कामगाराला प्रशिक्षण आणि बूट, ठेका कामगाराला एक मास्क, तोही संपला की तोंडाला रुमाल. धोका मात्र उलट्या क्रमाने वाढत जातो.

काही जण लगेच म्हणतील, वायूला जात कळते का? नाही कळत. उरवडे आणि तळवड्यात गेलेल्या भगिनी कोणत्या जातीच्या होत्या हे आम्ही इथे सांगणार नाही, तो आमचा दावाच नाही. चाकणच्या ठेक्यात आज मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतचे सगळ्या जातीधर्मांचे गरीब आहेत. वायूला जात कळत नाही. पण वायूच्या खड्ड्यात कुणाला उतरवायचे हे ठरवणाऱ्याला ती चांगली कळते. गटार असो की कारखान्याच्या सांडपाण्याची टाकी, हायड्रोजन सल्फाईड तोच. तो जास्त झाला की नाकाला वास येणेच बंद होते, माणसाला वाटते हवा स्वच्छ झाली आणि तो कोसळतो. गटारात उतरणारे कोण हे देश जाणतो. टाकीत उतरणारे कोण हे आमची वस्ती जाणते.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळ. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपांच्या काळात उघडपणे मांडला. आता त्याकडे आजच्या प्रश्नाच्या नजरेने बघा. धागा तोंडाने ओढणे विटाळामुळे वाईट नव्हते, ते आरोग्याला घातक होते. दहा तोंडांना लागलेला धोटा आणि छातीत जाणारी कापसाची धूळ. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच या पद्धतीवर बंदी घातली होती. तोंड न लावता धागा ओवता येणारा धोटा तेव्हा अस्तित्वात होता. डिझाइन बदलले असते तर रोगही टळला असता आणि विटाळाचे निमित्तही संपले असते. जुने डिझाइन तसेच राहिले, कारण ते माणसांना वेगळे ठेवण्याच्या कामी येत होते. डिझाइन तटस्थ असते म्हणणाऱ्यांना हा धोटा दाखवा.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजूंची परिषद भरली. कामगाराला टेबलावर खुर्ची, तीही मालकाच्या समोर. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ४८ तासांवर आले, ते विधेयक त्यांनीच मांडले होते. दमलेल्या माणसाकडून चूक होते हे हॅझोपचा कोणताही तक्ता सांगेल. म्हणजे कामाचे तास कमी करणे हाही धोका नियंत्रणाचाच उपाय. मामांचा ड्रम शिफ्टच्या शेवटी ओतला गेला होता हे विसरू नका.

नंतर २ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. भोपाळच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. थंड ठेवणारी यंत्रणा बंद, वायू जाळणारी फ्लेअर नादुरुस्त, आणि वायू धुणारा स्क्रबर ऐनवेळी अपुरा. कागदावर बचावाचे थर होते, त्या रात्री एकही उभा राहिला नाही. कारखान्यासमोर जयप्रकाश नगरची झोपडपट्टी होती. आयसीआयमध्ये काम केलेले सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी यावरून सांगितलेला धडा सोपा आहे : ते रसायन हे शेवटचे उत्पादन नव्हते, मधल्या टप्प्यातले होते. एवढा साठा करायचीच गरज नव्हती. जे जवळ नाही ते गळणार नाही.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात नवे प्रकरण आले. कलम ४१-ब : धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे सक्तीचे. ४१-क : कामगाराला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क. ४१-ग : सुरक्षा समिती, तीत व्यवस्थापन आणि कामगार समसमान. ४१-ह : तत्काळ धोका वाटला तर कामगाराने व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला इशारा देण्याचा हक्क. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी तर मोठा साठा असलेल्या कारखान्याला बाहेरच्या वस्तीलाही माहिती द्यायला बांधले. आता हा जुना कायदा इतर बारा कायद्यांसह २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ओतला गेला आहे. आणि त्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. पत्र्याच्या शेडमध्ये किती कामगार असतात? कायद्याचा डोळा जिथे सर्वात जास्त हवा, तिथूनच तो वर सरकला.

आणखी एक आक्षेप आपल्याच घरातून येतो. ‘जास्त बोललात तर कंपनी गुजरातला जाईल, पोरांची रोजी जाईल.’ ही भीती खोटी नाही, आमच्याही घरात चूल ठेक्यावर पेटते. पण पाइपाची दोन तोंडे वेगळी ठेवायला कंपनी बुडत नाही. नकाशावर रेघ बदलायला खोडरबर पुरतो. प्लँट उभा राहिल्यावर तीच रेघ बदलायला लाखो लागतात, आणि अपघातानंतर तर काहीच बदलता येत नाही. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की आधी विचारा.

त्या रात्रीनंतर आमच्या मित्राने पुढच्या बैठकीत तो मुद्दा पुन्हा काढला. मामांचे नाव घेतले नाही, पण ड्रमची गोष्ट सांगितली. थोडी शांतता झाली. मग मेंटेनन्सचे एक जुने साहेब म्हणाले, ‘असं होतं, मीही पाहिलंय.’ दोन लाइनींना वेगवेगळी तोंडे बसवण्याची शिफारस लिहिली गेली. ठेका कामगारांना बैठकीला बोलवा, ही त्याची दुसरी सूचना मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहिली. ती राहिली आहे म्हणूनच हा लेख.

आता आम्ही रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसतो. ज्याच्या त्याच्या कामावरच्या ड्रमवरची चिन्हे मोबाइलमध्ये टिपून आणतो. रसायनाचे सुरक्षापत्रक शोधून त्याचा मराठीत अर्थ लावतो. मग प्रत्येक जण आपल्या कामाला तेच शब्द लावतो : नाही, जास्त, कमी, उलट, सोबत आणखी काही, भलतेच. पॅकिंग करणाऱ्या एका ताईने पहिल्याच दिवशी विचारले, ‘आमचं मागचं दार माल ठेवून बंद असतं. आग लागली तर?’ तिने हॅझोप हा शब्दही ऐकला नव्हता. त्या दिवसाचा सर्वात मोलाचा प्रश्न तिचा होता.

आमच्या मागण्या तीन आहेत. घातक रसायन हाताळणाऱ्या प्रत्येक युनिटच्या धोका-अभ्यासात ते काम हाताने करणारा कामगार, ठेक्याचा असला तरी, पगारी वेळेत बसलाच पाहिजे. त्या अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत आणि कामगारांना कळणाऱ्या भाषेत शेडच्या भिंतीवर लागला पाहिजे. आणि अपघाताच्या अहवालात ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी डिझाइनमध्ये कोणता बचाव नव्हता हे लिहिणे बंधनकारक झाले पाहिजे.

आणि एक मागणी आपल्याच शिकलेल्या मुलामुलींकडे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते नुसते टेबलापर्यंत पोचायला नाही. टेबलावर पोचलात की तिथे नसलेल्यांची गोष्ट सांगा. तुमचे मामा काय करत होते, हे सांगायला लाजू नका. तीच तुमची खरी पात्रता आहे.

मामा आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. मागच्या रविवारी ते विहारात आले, भिंतीवरच्या तक्त्यात आपला ड्रम आणि दोन खड्डे काढलेले बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे माझं चुकलं नव्हतं.’

नाही मामा, तुमचं चुकलं नव्हतं.

जय भीम.